गाळलेली पानं

७ जानेवारी, मंगळवार

आज अण्णांकडे नवं पुस्तक सुरू केलं. नवं माझ्यासाठी. अण्णांना ते पाठ असणार, कारण छापलं जाण्याआधी त्यांच्याच नजरेखालून गेलेलं आहे. उभा जन्म त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. या हेरकथांची सगळी मालिका त्यांच्या कपाटात ओळीने लावलेली आहे. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. ऐकलेलं कळतं, पण सांगता काही येत नाही. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या वाकड्या रेघा उमटतात. ज्या माणसाने दुसऱ्यांचं एकेक अक्षर सरळ केलं, त्याच्या वाट्याला हे का यावं, असं मनात येतं. पण त्याचा हिशेब वरच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना रोज कोणीतरी काहीतरी वाचून दाखवा. म्हणून अण्णांच्या भाच्याने मला ठेवून घेतलं. गिरणी बंद पडल्यापासून मी मिळेल ते काम करतो, आणि गावी पोथी वाचून वाचून आवाज तयार झालेला आहे.

आज कपाटातलं पुढचं पुस्तक काढलं तर अण्णांनी मान हलवली. दुसरं काढलं, तेही नको. शेवटी चाकाची खुर्ची कपाटाशी नेली, तर खालच्या फळीवरच्या एका पुस्तकावर त्यांनी बोट असं दाबून धरलं की ते मला सोडवून घ्यावं लागलं. सगळ्यांत आवडतं असावं.

या मालिकेतला तपास अधिकारी मलाही आवडायला लागला आहे. जाडा, सुस्त माणूस, जिना चढताना धापा टाकतो. कोणावर ओरडत नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच घरी जाऊन पाणी मागतो आणि ते पिऊन होईपर्यंत घर बघून घेतो.

८ जानेवारी, बुधवार

माझा एक नियम आहे. खुनाचं वर्णन मी तोंडाने वाचत नाही. ज्या जिभेने सकाळी देवाचं नाव घ्यायचं तिनेच दिवसभर कोणाला कसं मारलं हे घोळवायचं, हे मला जमत नाही. शिवाय आजारी माणसाची खोली. पहिल्याच दिवशी हे भाच्याला सांगून टाकलं होतं.

तो हसला. म्हणाला, "काका, मग हेरकथेत उरलं काय? वऱ्हाड आलं आणि नवरा घरीच?"

"बाकी गोष्ट वाचतो की. कोण आला, कोण गेला, कोण काय बोललं."

"वाचा हो, तुम्हाला हवं तसं वाचा. मामांना काय कळतंय आता."

हे त्याने अण्णांच्या देखत म्हणायला नको होतं. पण त्याच्याही मागे काय कमी व्याप आहेत? घरदुरुस्तीची कामं घेतो, दिवसभर शिडीवर. बायको माहेरी निघून गेली आहे. तरी मामांना टाकलं नाही. मुलं बापाला विचारत नाहीत अशा दिवसांत भाच्याने मामाचं करायचं म्हणजे थोडं नाही.

तर आज पुस्तकात पहिला मृत्यू आला. एक म्हातारी विधवा, थोरल्या पुतण्याकडे राहणारी. मी वर्णनाची दोन पानं उलटून पुढे गेलो आणि म्हटलं, "मग ती बाई वारली." लगेच अण्णांनी खुर्चीच्या हातावर बोटाने टकटक केली. मला वाटलं तहान लागली. पाणी दिलं, प्यायले नाहीत. पुढे वाचायला लागलो, पुन्हा टकटक. जरा सरकवून बसवलं. पाठीला उशी लावली. तरी टकटक चालूच. चेहरा असा रागावलेला की मलाच वाईट वाटलं. दुखण्यात माणूस चिडचिडा होतो.

१३ जानेवारी, सोमवार

थंडी वाढली आहे. गेल्या महिन्यात भाच्याने अण्णांच्या खोलीत लोखंडी शेगडी बसवली. तिचं धुराडं भिंतीतून बाहेर काढलं आहे. सगळं स्वतःच्या हाताने, गवंडी न बोलावता. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली आणि खिडकी खिळे ठोकून बंद केली, म्हणजे मामांना वारा लागणार नाही. खोली कशी उबदार असते. सकाळी येऊन शेगडी तो पेटवून जातो. कोळसाही तोच घालतो, मला हात लावू देत नाही. म्हणतो, "तुमचं काम वाचायचं, हमालीचं नाही."

मला मात्र चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला हवा. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं, ओळी पोहतात. काल मळमळलंही. घरी पोचेपर्यंत उतरतं. बारीक टाईप आहे, त्यातून असले विषय. मनाला लागतंच.

अण्णांच्या गालांवर मात्र लाली आली आहे. भाच्याला दाखवलं तर त्याने दारातूनच पाहिलं आणि म्हणाला, "बघा, ऊब मानवली." तो खोलीत फारसा येत नाही, कोळशाच्या वासाने त्याला शिंका येतात. आज आला तो मोजपट्टी घेऊन. भिंतीची लांबी घेतली, खिडकीची उंची घेतली, कानावरची पेन्सिल काढून भिंतीवरच आकडे लिहिले.

"ही भिंत पाडली की काका, काय उजेड येईल बघा. पलीकडच्या खोलीसकट एक मोठा हॉल. रस्त्यावरून थेट दार."

"म्हणजे अण्णांना बाहेरची वर्दळ दिसेल," मी म्हटलं.

त्याने पेन्सिल पुन्हा कानावर अडकवली. मग म्हणाला, "हो, अगदी तसंच."

अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. झोप लागली असावी. हल्ली दुपारी फार झोपतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस देवाने हातात आणून दिल्यासारखा. दोन दिवस भाचा परगावी कामाला गेला आहे आणि शेगडी बंद आहे. गारठलो, पण काय बहार आली. अण्णांना दोन दुलया गुंडाळल्या, मी कानटोपी घातली. खोलीचं दार उघडंच ठेवलं, कारण स्वयंपाकघरातून मलाच ये-जा करायची होती.

अण्णा ताजेतवाने. जाडा अधिकारी पुतण्याच्या घरी पाणी मागायला जातो आणि खुर्ची त्याच्या वजनाने मोडते, तो प्रसंग वाचला तेव्हा अण्णा चक्क हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. माझंही डोकं दुखलं नाही. विनोदी प्रकरण असलं की असं होतं. मनाचा शरीरावर केवढा ताबा, हे आमच्या गुरुजींनी शाळेत सांगितलेलं आठवलं.

हसून झाल्यावर अण्णांनी पुस्तक मागितलं. डाव्या हाताने पानं उलटी उलटी मागे नेत राहिले. त्यांना एका हाताने जमत नव्हतं, पुस्तक घसरून खाली पडलं. मी उचलून खूण होती तिथून पुढे वाचायला लागलो. टकटक, टकटक. मग त्यांनी खिडकीकडे हात केला. म्हटलं, "अण्णा, उन्हाळा येऊ द्या. मग उघडू." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खूप दिवस बाहेर पडले नाहीत, बिचारे.

२० जानेवारी, सोमवार

शेगडी पुन्हा सुरू, डोकेदुखीही. मी वेळ काढून एक गोष्ट नीट लिहून ठेवतो, कारण आज मला माझीच लाज वाटली.

दुपारी अण्णांचा छापखान्यातला जुना सोबती आला होता. छपाईचे खिळे जुळवणारा जुळारी, सत्तरीचा, काटकुळा, जिभेला लगाम नाही.

"काय रे भिंगा," त्याने आल्या आल्या अण्णांच्या गुडघ्यावर थाप मारली. मग मला म्हणाला, "आम्ही याला भिंग म्हणायचो. आमच्या लग्नपत्रिकासुद्धा याने तपासून परत पाठवल्यात. एकाचं तर लग्न मोडायची वेळ आली होती, नवरीच्या बापाचं आडनाव याला पटेना."

अण्णांचा चेहरा उजळला. मी म्हटलं, बसा, वाचन ऐका. आणि वाचायला लागलो. पुन्हा एक मृत्यू आला, मी पानं उलटली. अण्णांची टकटक सुरू झाली. जुळाऱ्याने चमकून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही काय गाळलंत?"

"कुठे काय?"

"अहो, तो सांगतोय ना. एकाने मूळ प्रत मोठ्यांदा वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्यावर बोट फिरवायचं, हे आमचं रोजचं काम. काही राहिलं की हा असं बोट वाजवायचा. तोंड उघडायचा नाही, वाचणाऱ्याचा सूर तुटतो म्हणून. बोट वाजलं की मागे जायचं. चाळीस वर्षं हेच ऐकत आलोय मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस त्यांना कळत होतं. मी पाणी पाजत होतो, उशा लावत होतो, आणि ते मला सांगत होते की मागे जा. मी नियमाबद्दल जुळाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नियम तुमचा, पुस्तक त्याचं. त्याला ऐकायचंय तर वाचा की बाबा. देव एवढा हलका नाही."

थोड्या वेळाने तो कपाळ चोळायला लागला. "काय खोली आहे ही. इथे न पिताच चढते माणसाला. खिडकी उघडा ना." खिळे दाखवले तर म्हणाला, "हे कोणी केलं? पार्सल बांधलंय का याचं?"

निघताना दारात त्याला भाचा भेटला. दोघं काहीतरी बोलले. मग भाचा आत येऊन मला म्हणाला, "काका, मी त्यांना पुन्हा येऊ नका म्हटलं. मामांना दगदग होते." तेही खरंच. पण अण्णा दाराकडे बघत राहिले ते मला घरी येईपर्यंत दिसत होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी पाठ झाल्यावर देवाला सांगितलं, आज एकदा नियम मोडतो, एका मुक्या माणसासाठी, आणि त्याचा दोष माझ्या माथी लाव.

अण्णांना म्हटलं, "तुम्ही बोट वाजवा, मी मागे जातो." त्यांनी माझं मनगट धरलं. मी पानं मागे मागे नेत गेलो, ते बोट वाजवत राहिले. त्या विधवेच्या मरणाच्या पानाशी आलो तेव्हा थांबले.

मग वाचलं. कसं वाचलं ते मलाच ठाऊक. पुतण्या शेगडीच्या धुराड्यात बाहेरून गोणपाटाचा बोळा कोंबतो. धूर दिसेल इतका नाही, थोडाच. कोळशाचा वायू खोलीत साठत राहतो. त्याला ना रंग ना वास. बाईचं डोकं दुखतं, तिला झोप येत राहते, गाल मात्र लाल दिसतात, आणि शेजारणी म्हणतात की काकूंची तब्येत सुधारली. रोज थोडं थोडं. घाई नाही. एक दिवस ती उठत नाही.

अण्णा माझ्याकडे बघत होते, पुस्तकाकडे नाही. मी वर पाहिलं तर समोर शेगडी. आणि माझ्या मनात एक विचार आला, तो इथे लिहितो, कारण या पानांशी मी कधी खोटं बोललो नाही. मनात आलं की भाचा.

लगेच स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. जो माणूस मामाचं हगणंमुतणं काढण्यासाठी बाई लावतो, स्वतः कोळसा वाहतो, त्याच्याबद्दल. असल्या पुस्तकांचा हाच तोटा. आठवडाभर वाचली की चहा आणून देणाराही खुनी दिसायला लागतो.

तेवढ्यात मागून आवाज आला. "छान वाचता हो काका. मी हे कधी वाचलंच नाही." भाचा दारात उभा होता. केव्हा आला कळलंच नाही.

"आज नियम मोडलात?"

"अण्णांची इच्छा होती."

"हो? कशी सांगितली?"

मी बोटाच्या टकटकीचं सगळं सांगितलं. तो अगदी लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "मामा हुशार आहेत, मी विसरलोच होतो." आणि जवळ येऊन अण्णांच्या डाव्या हातावर हात ठेवला, बराच वेळ. पहिल्यांदाच तो एवढा वेळ खोलीत थांबला.

"आणि सापडतो कसा हो तो पुतण्या?" त्याने विचारलं.

"तिथवर अजून आलो नाही."

"द्या, मीच वाचतो," असं म्हणून पुस्तक घेऊन गेला.

२२ जानेवारी, बुधवार

भाच्याने मला सुट्टी दिली. म्हणाला, "तुमचा चेहरा उतरलाय काका. गावी जा, काकूंच्या हातचं जेवा, आठ-दहा दिवस आराम करा. मामांचं मी बघतो. मी पण कामं बंद ठेवतोय." माझ्या डोकेदुखीची त्याला काळजी, आणि मी त्याच्याबद्दल काय विचार केला होता.

अण्णांचा निरोप घ्यायला गेलो. डावा हात दुलईत घट्ट गुंडाळलेला होता, थंडी वाजू नये म्हणून. नुसते डोळे हलले. म्हटलं, "येतो अण्णा, लवकर येतो." ते डोळे मला बघवेनात.

कपाट रिकामं झालं आहे. पुस्तकांना कसर लागते म्हणून भाच्याने सगळी बांधून माळ्यावर टाकली.

२५ जानेवारी, शनिवार

गावी येऊन तीन दिवस झाले. अंगणात बसून पाठ करतो, बायकोला वाचून दाखवतो. ती निवडत टिपत ऐकते आणि मध्येच भलतंच विचारते.

आज म्हणाली, "तुमची डोकेदुखी कुठे गेली हो? आल्यापासून एकदाही कण्हला नाहीत."

"वाचन बंद आहे ना."

"आणि सकाळपासून हे चाललंय ते काय? पोथी काय डोळे मिटून वाचता?"

मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. चष्मा तोच. पोथीचा टाईप तर त्याहून बारीक. तिथे शेगडी बंद होती त्या दिवशीही डोकं दुखलं नव्हतं. जुळाऱ्याला त्या खोलीत घेरी आली होती. अण्णांचे लाल गाल डोळ्यांसमोर आले आणि मी पोथी मिटली.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. धुराड्यात पाखराने घरटं केलं असेल, असं वाटतंय."

घरटंच असेल. पण तो दुसरा विचारही पुन्हा आला आणि या वेळी जाईना. रात्रीचं जेवण गेलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

दिवसभर विचार केला. एखाद्याबद्दल वाईट मनात आलं तर गावभर करायचं नाही, त्याच्या पाठीमागे धरून ठेवायचं नाही, पहिल्यांदा त्याच्यासमोर जाऊन त्यालाच सांगायचं. आमच्या शाळेत गुरुजींनी ही शिस्तच लावली होती. कोणाची पाटी हरवली आणि आपला कोणावर संशय असला तर सगळ्या वर्गाआधी त्या मुलाशी जाऊन बोलायचं. गुरुजी म्हणायचे, संशय हा उघड्यावर ठेवला की वाळतो, झाकून ठेवला की सडतो. आयुष्यभर मी तसाच वागलो आणि कधी पस्तावलो नाही. आमच्या गावात या एका गोष्टीमुळे कितीतरी भांडणं झालीच नाहीत.

पोलिसांत जा, डॉक्टरला सांग, जुळाऱ्याला गाठ, असं एक मन म्हणत होतं. पण एका सज्जन माणसाची अब्रू माझ्या डोकेदुखीवर टांगायची? उद्या सकाळी त्यालाच फोन करतो.

२७ जानेवारी, सोमवार

फोन केला. कसाबसा बोललो. म्हटलं, रागावू नका, पुस्तकात होतं तसंच त्या खोलीत होतंय असं मला वाटतं, आणि खरं सांगायचं तर एकदा तुमच्याबद्दलही वाईट मनात येऊन गेलं, त्याची माफी मागतो.

त्याला लागलं असणार. पण अगदी शांतपणे म्हणाला, "काका, बरं झालं मलाच सांगितलंत. आणखी कोणाशी बोललात का?"

"छे. आधी तुम्हालाच."

"काकूंशी?"

"तिला घरटं एवढंच सांगितलंय. उगाच घाबरेल."

"शहाणे आहात. लोक काहीचं काही करतात हो."

मी म्हटलं, शेगडी आत्ताच्या आत्ता विझवा, अण्णांना बाहेर काढा. म्हणाला, "एकट्याने उचलवत नाहीत मला. तुम्ही या. आपण दोघं मिळून त्यांना हलवू आणि धुराडंही उघडून बघू. तुमच्यासमोरच बघितलेलं बरं, म्हणजे तुमच्या मनात काही राहायला नको."

एवढं ऐकून घेऊनही माणूस चिडला नाही. फोन ठेवताना माझेच डोळे भरून आले. मनातलं सगळं ओझं उतरलं. बायको म्हणत होती, मी येते बरोबर, नाहीतर थोरल्या भावजींना न्या. मी म्हटलं, कशाला सगळ्यांची ओढाताण, मी आणि तो पुरे.

आता गाडीत लिहितो आहे. अक्षर हलतंय. वाटेत दोनदा त्याचा फोन आला, कुठवर पोचलात म्हणून. दिवस मावळायला आला आहे, चालत येऊ नका, स्टँडवर घ्यायला येतो म्हणाला.

गाडी आत वळली. फलाटाच्या कडेला तो दिसतोय, अंगावर जाड कोट. मला बघून हात वर केला. एकटाच आलाय. अण्णांपाशी कोणाला बसवून आलाय, ते उतरल्या उतरल्या विचारायला हवं.